अतिस्वस्त लॅपटॉप पदरी पडल्यानंतर काय करावे

सोयाबीनचे पैसे हाती आले की दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातल्या अनेक घरांत मुलांच्या शिक्षणासाठी लॅपटॉप घेतला जातो, आणि तो बहुधा पंधरा-वीस हजारांच्या आतला असतो. काही दिवसांतच तो सुरू व्हायला वेळ घेऊ लागतो आणि ब्राउझरमध्ये चार टॅब उघडताच अडखळतो. अशा वेळी पालकांना आपण फसवले गेलो असे वाटते, तर मुलाला आपल्यालाच यंत्र वापरता येत नाही असे वाटते. यांपैकी कोणताही निष्कर्ष काढण्यापूर्वी यंत्रात नेमके काय आहे, हे पाहून घ्यावे.

ही पाहणी वस्तू बदलून मिळण्याच्या मुदतीत करावी. ही मुदत अनेकदा केवळ सात दिवसांची असते, म्हणून खोके, चार्जर आणि पक्के बिल तोवर जपून ठेवावे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’ आणि त्याखाली ‘अबाउट’ उघडले की प्रोसेसरचे नाव आणि बसवलेली रॅम, म्हणजे चालू कामापुरती वापरली जाणारी तात्पुरती स्मृती, दिसते. ती बिलाशी आणि खोक्यावरील मजकुराशी ताडून पाहावी. ६४ जीबीच्या जागी सुमारे ५९ जीबी साठवण दिसली तर ती फसवणूक नव्हे. उत्पादक आणि विंडोज यांची मोजण्याची पद्धत वेगळी असल्यामुळे तसे दिसते. यंत्राच्या खालच्या बाजूला असलेला सिरियल क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू झाली, हेही तपासावे. ती तारीख खरेदीच्या बऱ्याच आधीची निघाली, तर दुकानदाराकडून लेखी खुलासा घ्यावा.

निराशेचे खरे कारण बहुतेक वेळा साठवणीच्या प्रकारात आणि रॅममध्ये असते. अशा यंत्रांत एसएसडी या वेगवान साठवणीऐवजी ईएमएमसी नावाची साठवणीची चिप मदरबोर्डवरच, म्हणजे यंत्राच्या मुख्य पट्टीवरच, सोल्डर केलेली (डाग देऊन कायमची जोडलेली) असते. तिचा वेग कागदोपत्रीसुद्धा सेकंदाला ४०० एमबीच्या पुढे जात नाही, तर साटा या जुन्या जोडणीची साधी एसएसडी ५५० एमबीच्या आसपास पोहोचते आणि लहान लहान फाईल एकाच वेळी वाचण्या-लिहिण्याच्या कामात तर हे अंतर आणखी जाणवते. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण अशी आहे. म्हणजे स्वस्त लॅपटॉप जेमतेम उंबरठ्यावर उभा असतो आणि पहिल्या मोठ्या अपडेटलाच त्याची जागा संपत येते. त्यात सेलेरॉन एन ४०२० सारखा दोनच कोअरचा (काम करणाऱ्या गाभ्यांचा) प्रोसेसर असेल, तर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. सोल्डर केलेली रॅम वाढवून देतो असे कोणी सांगितले, तर त्यावर एक रुपयाही खर्च करू नये. मात्र काही यंत्रांत एम.२ या छोट्या पट्टीच्या आकाराच्या एसएसडीसाठी रिकामी जागा असते. मॉडेल क्रमांकावरून तशी खात्री झाली तर हा एकच खर्च सार्थकी लागतो. झाकण उघडण्यापूर्वी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात.

लॅपटॉप ठेवायचाच असेल तर त्याच्यावरचा भार उतरवावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि स्टार्टअपच्या यादीतील अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत. सोबत आलेला चाचणी मुदतीचा अँटिव्हायरस काढून टाकावा, कारण विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरगुती वापरास पुरेसा आहे. फोटो आणि व्हिडिओ मेमरी कार्डावर हलवून मुख्य साठवणीत किमान १५ जीबी जागा मोकळी ठेवावी.

इतके करूनही यंत्र रखडत असेल, तर विंडोजच्या जागी बसवता येणाऱ्या लिनक्स मिंट या कार्यप्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती हा माझ्या मते सर्वांत चांगला उपाय आहे. तिला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी साठवण लागते. प्रथम ती पेन ड्राइव्हवरूनच चालवून वाय-फाय, आवाज, टचपॅड आणि मराठी टंकलेखन नीट चालते का, ते पाहावे आणि मगच कायमची बसवावी. त्याआधी साऱ्या फाईलींची प्रत अन्यत्र घ्यावी. ज्यांना आपले सरकार सेवा केंद्राचे काम, बोटांचे ठसे घेणारे उपकरण किंवा डिजिटल स्वाक्षरी वापरायची आहे त्यांनी मात्र विंडोज सोडण्याची घाई करू नये, कारण अशा उपकरणांचे ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारे प्रोग्राम, बहुधा विंडोजसाठीच बनवलेले असतात.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात चालवण्यासाठी बनवलेले असतात, आणि मे महिन्यात परभणी, नांदेडचा पारा चाळिशी ओलांडतो. पंखा नसलेले यंत्र तापले की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. त्यामुळे पत्र्याच्या खोलीत दुपारी, गोधडीवर ठेवून, चार्जर लावून काम करणे टाळावे.

केवळ संथपणा हा कायद्याच्या दृष्टीने दोष ठरेलच असे नाही. परंतु बिलावर ८ जीबी रॅम लिहून ४ जीबी दिली असेल किंवा जुने यंत्र नवे म्हणून विकले असेल, तर तक्रार जरूर करावी. आधी दुकानदाराला लेखी कळवावे, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी. तरीही दाद न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. खरेदी ऑनलाइन केली असली आणि विक्रेता दूरच्या शहरात असला तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, म्हणून किनवट किंवा भूमच्या ग्राहकाने मुंबई-दिल्लीचा धसका घेण्याचे कारण नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. अर्जासोबत बिल, जाहिरातीचे छायाचित्र, ‘अबाउट’ पानाचा स्क्रीनशॉट आणि दुकानदाराशी झालेला पत्रव्यवहार जोडावा.