सूत्र शोधण्याआधी रेषा ओढा

थर्मोडायनॅमिक्सचं गणित समोर आलं की लगेच सूत्राकडे धावू नका. आधी आकृती काढा, ज्याचा हिशेब मांडायचा त्याभोवती तुटक रेषा ओढा आणि ती रेषा ओलांडून काय आत-बाहेर जातंय ते बाणांनी दाखवा: उष्णता, कार्य, की खुद्द वायू?

उष्णतारोधक, निर्वात टाकी घ्या. झडप उघडली, बाहेरची २७ अंश सेल्सियसची हवा आत शिरली आणि दाब बाहेरच्याइतका झाला. आतलं तापमान किती? पटकन २७ म्हणावंसं वाटतं. पण रेषा टाकीच्या भिंतीवर ओढून बघा. हवा आत येताना एन्थाल्पी (म्हणजे अंतर्गत ऊर्जा अधिक तिला आत ढकलण्याचं कार्य) घेऊन येते, साठते मात्र अंतर्गत ऊर्जा म्हणून. बाहेरच्या हवेने तिला आत ढकलताना केलेलं कार्य कुठे जाणार? ते तापमानात दिसतं. हवेच्या दोन विशिष्ट उष्मांचं (स्थिर दाबाची भागिले स्थिर आकारमानाची) गुणोत्तर १.४ आणि २७ अंश म्हणजे ३०० केल्विन, म्हणून १.४ × ३०० = ४२० केल्विन, म्हणजे तब्बल १४७ अंश! (गुणाकार केल्विनमध्येच करा, २७ ला गुणलंत तर ३७.८ येईल आणि ते खरंही वाटेल.)

कार्याचं चिन्ह (अधिक की उणे) पुस्तकागणिक बदलतं. तुम्ही कोणतं धरलंय ते पानाच्या डोक्यावर लिहून ठेवा.