पंख्याचं विमान आणि ओले तळहात

लेक हैदराबादला. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून थेट विमान, तरी मी दोन वर्षं रेल्वेनंच गेलो. विमानाचं नाव काढलं की तळहात ओले. त्यात ते एटीआर, पंख्याचं!

शेवटी शेजारच्या निवृत्त हवाईदलवाल्या काकांनी समजावलं, "पंखा दिसतो रे, पण फिरवणारं टर्बाईनच, मोठ्या जेट विमानात असतं तसलंच इंजिन. हे २५,००० फुटांच्या खालून उडतं, ढगात हादरणारच. गारगोटीला एस्टीनं जाताना भितोस का?" (रस्ता बघून भितो, पण गप्प बसलो.)

उड्डाणानंतर इंजिनाचा आवाज एकदम उतरतो, तेव्हा मला वाटायचं, बंद पडलं! जमिनीवरून उठण्यापुरती दिलेली जादा ताकद कमी करतात, एवढंच. हे आधी कळलं असतं तर!

त्या दिवशी सकाळचा चहा टाळला, पंखाजवळची सीट घेतली; तिथं हेलकावे कमी. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. हादरे सुरू झाले तशी पाण्याची बाटली मांडीवर धरली. पोटात गोळा, पण बाटलीतलं पाणी जेमतेम डुचमळलं. मी त्याच्याकडंच बघत राहिलो.

उतरताना तळहात ओलेच होते. परतीचं तिकीट मात्र विमानाचंच काढलं.