शैक्षणिक पॉडकास्ट करताना या चुका टाळा

कोल्हापूर परिसरातील अनेक शिक्षक आता विद्यार्थ्यांसाठी पॉडकास्ट करू लागले आहेत आणि ही गोष्ट मनापासून स्वागतार्ह आहे. गगनबावड्याहून किंवा पन्हाळ्याच्या वाड्या-वस्त्यांवरून एसटीने ये-जा करणाऱ्या मुलाला धडा हवा तिथे थांबवून पुन्हा ऐकता येतो, दृष्टिहीन विद्यार्थ्याला कोणी वाचून दाखवण्याची वाट पाहावी लागत नाही आणि कवितेची लय तर कानानेच नीट कळते. मात्र माझ्याकडे अभिप्रायासाठी येणाऱ्या भागांमध्ये त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात आणि त्यांतील बहुतेक घाईमुळे झालेल्या असतात.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे वर्गातील तास टेबलावर मोबाईल ठेवून जसाच्या तसा रेकॉर्ड करणे. बहिर्गोल भिंगाच्या पाठात "हा किरण बघा, इथून असा वळतो आणि इथे येऊन मिळतो" हे वाक्य फळ्यासमोर बसलेल्यांना समजते. घरी ऐकणाऱ्याला त्यातून काहीही मिळत नाही. तेथे "मुख्य अक्षाला समांतर आलेला किरण भिंगातून गेल्यावर पलीकडच्या मुख्य नाभीतून जातो" असे पूर्ण वाक्य हवे आणि पाठ्यपुस्तकातील आकृती उघडून बसण्याची सूचना आधीच द्यायला हवी. भूमितीची सिद्धता आणि रासायनिक समीकरणांचे संतुलन यांसाठी तर पॉडकास्ट वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक अधिक नुकसान करते, कारण ती करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. एका माध्यमिक शाळेतील इतिहासाच्या शिक्षकांनी राजर्षी शाहू महाराजांवर मोठ्या तळमळीने एक भाग तयार केला. 1874 चा जन्म, 1894 चे राज्यारोहण, 1902 चा पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा आदेश, 1917 चा मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय आणि 1922 चे निधन हे सारे त्यांनी दोन-तीन मिनिटांत सांगून टाकले. मुलांनी तो भाग आवडीने ऐकला, पालकांनीही कौतुक केले. पुढच्या चाचणीत मात्र बऱ्याच उत्तरपत्रिकांमध्ये 1902 आणि 1917 यांची अदलाबदल झाली होती, आणि एकीत तर सक्तीच्या शिक्षणाचा निर्णय राज्यारोहणाच्याच वर्षी झाला होता. छापील पानावर नजर मागे नेता येते, परंतु ऐकताना एक साल मनात ठरते न ठरते तोच दुसरे येऊन आदळते.

आम्ही तो भाग पुन्हा केला तेव्हा त्यात फक्त 1902 ठेवले. 26 जुलै 1902 ही तारीख सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा सांगितली आणि मधला सगळा वेळ त्या आदेशामागील कारणांना दिला: सरकारी नोकऱ्यांत कोण होते, कोण नव्हते आणि का. भाग सुरू होतानाच तीन प्रश्न सांगितले आणि मध्ये "आता थांबवा आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहा" अशी सूचना दिली. 1917 साठी वेगळा भाग झाला. तेव्हापासून एका भागात एकच तारीख हा माझा नियम आहे. ऐकले म्हणजे समजले, असे मानणारे शिक्षक आणि दीडपट वेगाने ऐकून धडा 'संपवणारे' विद्यार्थी या दोघांचीही मला सारखीच काळजी वाटते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगता येतील. रिकाम्या वर्गात रेकॉर्डिंग केल्यास आवाज घुमतो. महागडा माईक घेण्याआधी पंखा बंद करावा, कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर बसावे आणि मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरावा. बोलण्याखाली सतत संगीत ठेवू नये. पाठ्यपुस्तक नुसते वाचून दाखवू नये. यंत्राच्या तयार आवाजावर विसंबणे मला मान्य नाही, कारण 'चहा' आणि 'चूल' यांतील 'च' चा फरक त्याला अनेकदा साधत नाही, आणि मुले जे ऐकतात तेच उचलतात.

लांबी आठ ते दहा मिनिटांपेक्षा जास्त नसावी. फाईल मोनो (एकाच ध्वनिवाहिनीची) आणि 64 केबीपीएस (सेकंदाला 64 किलोबिट) ठेवल्यास दहा मिनिटांचा भाग पाच एमबीच्या आत बसतो. तोच मूळ स्टिरिओ वेव्ह स्वरूपात, म्हणजे दोन वाहिन्यांच्या आणि आकार कमी न केलेल्या फाईलच्या रूपात, पाठवला तर सुमारे शंभर एमबी होतो आणि घरातील एकच मोबाईल भावंडांत वाटून वापरणारा विद्यार्थी तो उघडतच नाही. प्रत्येक भागासोबत त्याचा लिखित मजकूरही द्यावा. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला त्याशिवाय तो धडा मिळतच नाही, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी नेमके एक वाक्य शोधायचे असेल तेव्हा इतरांनाही तोच कागद उपयोगी पडतो.