डॉक्टर म्हणतो ‘तयार नाही’, मग एजंटने करायचं काय?

आमच्या दूध संकलनाच्या हिशेबाच्या प्रकल्पात ‘डॉक्टर’ नावाची एक शेल स्क्रिप्ट (ओळीने कमांड चालवणारी छोटी फाइल) आहे. नोडची (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) आवृत्ती, पोस्टग्रेस (आमचा डेटाबेस), रेडिस (डेटा मेमरीत ठेवणारा सर्व्हर) आणि दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (बाहेरून दिलेल्या सेटिंग्ज) कामाला तयार आहेत का, एवढंच ती तपासते. आम्ही तिघं ती रोज वापरायचो, पण तिच्याबद्दल कुठे एक ओळ लिहिलेली नव्हती. गरजच पडली नाही. लाल दिसलं की शेजारच्याला विचारायचं, “अरे, तुझं चालतंय का?”

मग कोडिंग एजंट आला, म्हणजे स्वतः कमांड चालवून कोड लिहिणारा एआय. त्याला शेजारी नसतो.

एका सोमवारी त्याला फॅटच्या दरपत्रकातली चूक शोधायला सांगितली. त्याने शहाण्यासारखा आधी डॉक्टर चालवला. स्क्रिप्टने छापलं, ‘डेटाबेस तयार नाही’. शुक्रवारी लॅपटॉप मी तसाच बंद केला होता, त्यामुळे पोस्टग्रेसची रिकव्हरी (अचानक बंद पडल्यावर स्वतःला सावरणं) चालू होती. जरा थांबलं असतं तर झालं असतं. एजंटला वाटलं डेटाबेस बिघडलाय. त्याने डॉकर कंपोजचा (डेटाबेससारखे प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) ‘डाउन’ सुचवला, मागे ‘व्ही’ जोडून, म्हणजे डेटा जिथे साठतो त्या व्हॉल्यूमसकट सगळं काढून टाकायचं. मी चहा पीत ‘हो’ दाबलं. चाचणीसाठी हाताने भरलेल्या दहा दिवसांच्या पावत्या गेल्या, फॅट-एसएनएफच्या (दुधातले स्निग्धांश आणि बाकीचे घन पदार्थ) आकड्यांसकट. बोंब कुणाच्या नावाने मारणार?

त्या दिवशी संध्याकाळी मी डॉक्टरची नोंद, म्हणजे त्याच्या कुठल्या उत्तरावर एजंटने काय करायचं ते, लिहायला बसले, आणि लिहिताना कळलं की चूक आधी स्क्रिप्टमध्येच होती. आतून ती ‘पीजी-इज-रेडी’ ही पोस्टग्रेस तयार आहे का बघणारी कमांड चालवते. ती कमांड चार वेगवेगळे एक्झिट कोड (संपताना निकाल सांगणारे आकडे) देते: ० म्हणजे जोडणी घेतोय, १ म्हणजे सर्व्हर जिवंत आहे पण आत्ता नकार देतोय (उदाहरणार्थ, उठत असताना), २ म्हणजे उत्तरच नाही, ३ म्हणजे प्रयत्नच झाला नाही, जसं की पॅरामीटर चुकले. आमच्या स्क्रिप्टने यातल्या तिघांची खिचडी करून एकच लाल ओळ केली होती. म्हणून पहिलं काम हे: मूळ कोड गिळू नका, छापा. नोंद कितीही चांगली लिहिली तरी आउटपुटमध्ये नसलेला फरक ती दाखवू शकत नाही.

पोस्टग्रेसची नोंद आता अशी आहे:

‘कोड १: सर्व्हर उठतोय. ५ सेकंद थांबून पुन्हा तपास, जास्तीत जास्त ६ वेळा. कोड २: कंटेनर चालू आहे का बघ. बंद असेल तर “अप” कर. चालू असेल तर लॉगच्या शेवटच्या ५० ओळी दाखवून थांब. कोड ३: कमांडला दिलेले पॅरामीटर बघ, डेटाबेसला हात लावू नकोस. कुठल्याही कोडला व्हॉल्यूम पुसायचा नाही. पुसावासा वाटला तर माणसाला विचार.’

शेवटची दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची. माणसासाठी लिहिताना ‘हे करू नका’ फारसं लिहावं लागत नाही, कारण आपल्याला भीती असते. एजंटला काम पुढे न्यायचं असतं. मात्र नुसती मनाई करून भागत नाही, थांबायची जागाही सांगा, नाहीतर तो दुसरी पळवाट शोधतो. आणि नोंदीवर सगळा भार टाकू नका. पुसणाऱ्या कमांड मी एजंटच्या परवानग्यांमध्येच बंद केल्यात. माझ्या चहाचा भरवसा नाही.

इशारे आणि बिघाड वेगळे ठेवा. होमब्रू या मॅकवर प्रोग्राम बसवायच्या साधनाचा ‘ब्रू डॉक्टर’ इशाऱ्यांच्या आधी स्वतःच सांगतो की तुमचं सगळं नीट चालत असेल तर काळजी करू नका, याकडे दुर्लक्ष करा. आपण तसं करतोही. एजंट मात्र पिवळं दिसलं की साफसफाईला लागू शकतो. आमच्या फाइलीत स्पष्ट आहे: ‘इशारा असला तरी एक्झिट कोड ० असेल तर कामाला लाग.’

वेळ आकड्यात लिहा. डॉकरची हेल्थचेक (कंटेनर ठीक आहे का याची तपासणी) काही न सांगता सोडली तर दर ३० सेकंदांनी चालते आणि लागोपाठ ३ वेळा नापास झाल्यावरच कंटेनर ‘अनहेल्दी’ ठरतो. म्हणजे आत सगळं कोसळलं तरी साधारण दीड मिनिट बाहेर ‘हेल्दी’च दिसू शकतं. हे लिहिलेलं नसेल तर एजंट त्या हिरव्यावर विश्वास ठेवून भलतीकडेच चूक शोधत बसतो.

हे सगळं एजंट्स.एमडी किंवा क्लॉड.एमडी या एजंटसाठीच्या सूचनांच्या फाइलीत कोंबू नका. ती फाइल दर सत्रात वाचली जाते. तिथे दोन ओळी पुरतात: डॉक्टर कधी चालवायचा आणि सविस्तर नोंद कुठे आहे.

लिहून झालं की मुद्दाम मोडून बघा. मी रेडिस बंद केला, नवीन सत्र उघडलं आणि एक फुटकळ काम दिलं. एजंटने नोंद वाचली, रेडिस चालू केला, काम केलं. नोडवर मात्र अडकला. आमच्याकडे नोड एनव्हीएममधून (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) येतो, आणि एनव्हीएम हे शेल फंक्शन आहे. एजंटच्या शेलने प्रोफाइल (शेल उघडताना एनव्हीएम तयार करून ठेवणारी फाइल) वाचलीच नव्हती, म्हणून कोड आला १२७, कमांड सापडली नाही. तो लगेच नवीन नोड बसवायला निघाला. आता नोंदीत आणखी एक ओळ आहे: ‘१२७ आला तर काही बसवू नकोस, आधी एनव्हीएमची स्क्रिप्ट सोर्स कर.’