डायनोसॉरचं पाऊल शोधायचंय? आधी दगड बघा

भूशास्त्राला नव्याने आलेली मुलं पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गेली की कुणीतरी खळगा दाखवून विचारतंच, "हे डायनोसॉरचं पाऊल असेल का?" नसणार. टेकडी सगळी बेसाल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याची. उकळत्या लाव्ह्यावर चालणार कोण? ठसे टिकतात ते ओल्या गाळात, म्हणजे पुढे ज्याचा वालुकाश्म किंवा चुनखडक होतो त्यात. जैसलमेरजवळ थईयात इथे ज्युरासिक काळातल्या वालुकाश्मात तीन बोटांचे ठसे सापडलेत, ते असे.

नजर मात्र पुण्यातच तयार होते. मुठा नदीचं पाणी ओसरलं की काठच्या चिखलात बगळ्यांची, कुत्र्यांची, म्हशींची पावलं दिसतात. तिथे निवांत उकिडवं बसा. पाय रुतला की दाबलेला चिखल बाजूला सरकतो आणि खड्ड्याभोवती कड उठते. पाण्याने कोरलेल्या खळग्याला ती नसते. आता थोडा सुकलेला ठसा चाकूने उभा कापा: खालचे पातळ थरही वाकलेले दिसतील. दगडात वरचा थर झिजला की खालचाच ठसा उघडा पडतो, बोटं बोथट झालेला. नवखे इथेच प्राण्याचं नाव ठोकून देतात.

आकाराचं गणित थोडक्यात असं. बोटं सडपातळ, टोकाला नखांच्या खुणा, रुंदीपेक्षा लांबी जास्त: बहुधा मांसाहारी थेरोपॉड. बोटं जाड नि बोथट, लांबी-रुंदी जवळपास सारखी: शाकाहारी ऑर्निथोपॉड. सॉरोपॉडचा, म्हणजे लांब मानेच्या चारपायी शाकाहाऱ्याचा, मागचा पाय मोठा, गोलसर, पुढचा चंद्रकोरीसारखा.

माझा भरवसा मात्र एकट्या ठशावर नाही, त्यानंतर पडलेल्या पावलावर. डावं, उजवं, परत डावं अशी रांग लागली तरच मी वही उघडतो. पावलाच्या लांबीची साधारण चौपट ती कमरेपर्यंतची उंची, म्हणजे ३० सेंटीमीटरचा ठसा असेल तर प्राणी कमरेपाशी अंदाजे १२० सेंटीमीटर. ठसा भरून त्यावर साचलेल्या थराच्या खालच्या बाजूलाही बघा. तिथे ठसा खोलगट नाही, उठावदार असतो.

भर दुपारी जाऊन उपयोग नाही, सगळं सपाट दिसतं. सकाळचं किंवा उतरतं तिरपं ऊन हवं. दुपारीच पोचलात तर छत्रीची सावली धरा आणि टॉर्च जमिनीलगत आडवा मारा. मोजपट्टी ठेवून आधी सरळ वरून, मग चहूबाजूंनी एकमेकांवर चढणारे फोटो घ्या. त्यांवरून घरी त्रिमितीय प्रतिकृती करता येते. आणि उत्तरेचा बाण काढाच, मार्गदर्शक पहिला तोच शोधतात.