कोल्नागो सुपर की चिनेली सुपरकोर्सा? दोन जुन्या इटालियन रेसिंग सायकलींमधली एक कशी निवडायची

दोन्ही सायकली मिलानकडच्या, दोन्ही १९७० च्या दशकातल्या, दोन्ही कोलंबसच्या स्टील ट्यूबच्या, दोन्हींवर कंपान्योलो कंपनीचे गिअर, ब्रेक वगैरे पार्ट्स, आणि पैसे मात्र एकीपुरतेच. जुन्या रोड बाइक जमवणाऱ्याला हा पेच कधी ना कधी पडतोच. दोन्ही तोलामोलाच्या आहेत म्हणून मी इथे कोल्नागो सुपर आणि चिनेली सुपरकोर्सा हीच जोडी घेतलीय, पण तपासायची पद्धत दुसऱ्या कुठल्याही जुन्या इटालियन सायकलीला तशीच लागू पडते. माझं मत आधीच सांगून टाकतो. नाव बघून ठरवू नका, जिची फ्रेम सरळ आहे आणि जिचा मूळ रंग नि मूळ पार्ट्स शाबूत आहेत ती घ्या, मग ती दोघींपैकी कुठलीही असो.

ओळख थोडक्यात. एर्नेस्तो कोल्नागो हा मिलानजवळच्या कांबियागो गावचा कारागीर, त्याचं सगळं नाव झालं ते व्यावसायिक रेसर्समुळे. बेल्जियन रेसर एडी मर्क्सने २५ ऑक्टोबर १९७२ ला मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापून विक्रम केला ती सायकल कोल्नागोनेच बांधली होती, वजन पावणेसहा किलोच्या आसपास, आणि ती आजही ब्रसेल्समध्ये मर्क्सच्याच नावाच्या मेट्रो स्टेशनवर काचेत ठेवलीय. चिनो चिनेली हा स्वतः रेसर, १९४३ ची मिलान–सान रेमो शर्यत त्याने जिंकली आणि १९४८ मध्ये कंपनी काढली. हँडल आणि स्टेम (हँडल फ्रेमला धरणारा भाग) बनवण्यात तर त्याने असं नाव कमावलं की कोल्नागोच्या सायकलीवरसुद्धा हँडल बऱ्याचदा चिनेलीचंच सापडतं, त्यामुळे हँडलवर चिनेली लिहिलंय म्हणून सायकल चिनेलीची असं अजिबात समजू नका.

पहिलं काम म्हणजे ही सायकल कशासाठी हवीय ते स्वतःशी नक्की करा. भिंतीवर लावायची असेल तर माप थोडं मागेपुढे चालतं, थोडा गंजही चालतो. चालवायची असेल तर हिशोबच वेगळा. इटलीत टस्कनीतल्या गायोले इन कियांतीला १९९७ पासून ऑक्टोबरमध्ये लेरोइका नावाची जुन्या सायकलींची राइड होते, तिथे १९८७ च्या आधीच्या सायकली लागतात, गिअरचे लिव्हर डाउन ट्यूबवर (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर), पायडलला टो-क्लिप आणि पट्टे, ब्रेकच्या केबल हँडलवरून बाहेर निघालेल्या. कधीतरी तिकडे जायचं मनात असेल तर या दोन्ही सायकली मूळ अवस्थेत असल्या की आरामात बसतात, पण कुणी मध्येच नवे ब्रेक लिव्हर किंवा क्लिपलेस (बूट थेट अडकवायचे) पायडल लावलेले असतील तर ते बदलायचा खर्च आत्ताच धरा.

मग माप. इथे लोक फार फसतात, कारण फ्रेमचं माप कुणी बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलचा आस बसतो त्या भागाच्या) मध्यापासून टॉप ट्यूबच्या (वरच्या आडव्या नळीच्या) मध्यापर्यंत घेतं तर कुणी सीटखालच्या उभ्या सीट ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंत, आणि या दोन मापांत दीड-दोन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. विकणाऱ्याला सरळ सांगा, टेप धरून फोटो पाठव. टॉप ट्यूबची लांबीसुद्धा मागा, कारण सीट वरखाली करता येते पण लांब पडलेली फ्रेम आखूड करता येत नाही. आवडती सायकल दोन साइज मोठी असेल आणि तुम्हाला ती चालवायची असेल तर ती सोडून द्या. मन मानत नाही, माहितीय, तरी सोडा.

आता खरं काम, फ्रेम तपासणं. यात घाई करायची नाही, दोन्ही सायकली शक्यतो दिवसाच्या उजेडात बघायच्या. आधी हँडलच्या खाली, जिथे टॉप ट्यूब आणि डाउन ट्यूब हेड ट्यूबला मिळतात, त्या लगच्या (ट्यूब जोडणाऱ्या धातूच्या बाहीच्या) लगेच मागे ट्यूबच्या खालच्या बाजूने बोट फिरवा. समोरून जोरात आपटलेल्या सायकलीत नेमकं तिथेच स्टील किंचित फुगतं, डोळ्याला दिसत नाही पण बोटाला लागतं, आणि वरचा रंग बारीक बारीक सुरकुततो. मग सायकल बाजूने बघा. हेड ट्यूब आणि फोर्कचा, म्हणजे चिमट्याचा, वरचा सरळ भाग एका रेषेत हवा, चिमटा मागे ढकलल्यासारखा दिसला तर तो वाकलाय.

मागचा भाग सरळ आहे की नाही हे बघायला एक साधा दोरा पुरतो. मागचं चाक काढा, दोरा एका ड्रॉपआउटला (चाकाचा आस बसतो त्या खाचेला) बांधा, तिथून पुढे नेऊन हेड ट्यूबला वळसा घाला आणि दुसऱ्या बाजूने परत आणून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा. आता सीट ट्यूब आणि दोरा यांच्यातलं अंतर डावीकडे किती, उजवीकडे किती, ते पट्टीने मोजा. एखाद्या मिलिमीटरचा फरक त्या काळातल्या हाताने बांधलेल्या फ्रेममध्ये चालून जातो, तीन-चार मिलिमीटर निघाला तर मागचा त्रिकोण एका बाजूला गेलाय. चाक काढलेलंच आहे तर दोन ड्रॉपआउटमधलं अंतरही मोजून घ्या: पाच गिअरच्या जुन्या फ्रेमला १२० मिलिमीटर असतं, सहा-सात गिअरवाल्यांना १२६. तिथे १३० भरलं तर नवीन चाक बसवायला कुणीतरी फ्रेम फाकवलीय, आणि ते नीट केलं होतं की नुसतंच हाताने ओढलं होतं हे तो दोराच सांगतो. चेनस्टेवर (चेनच्या बाजूने मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर) क्रँकजवळ, म्हणजे पायडलच्या दांड्याजवळ, दाब दिसला म्हणून लगेच घाबरू नका, क्रँक आणि चेनरिंगला जागा मिळावी म्हणून कारखान्यातच तसा दाब देतात, पण तो गुळगुळीत असतो, पडून आलेल्या पोच्याची कड वेगळीच कळते.

यापुढे दोघींचे दुखरे भाग वेगवेगळे आहेत. सुपरकोर्साची ओळखच तिच्या सीट लगमध्ये आहे, सीटस्टे (मागच्या चाकापासून सीटकडे येणाऱ्या नळ्या) मागून येऊन लगला चिकटलेले आणि सीट आवळायचा बोल्ट त्यांच्याच टोकांतून आरपार गेलेला. दिसायला फारच देखणं काम, पण वर्षानुवर्षं कुणी ॲलन की लावून जोर काढला असेल तर तिथेच बारीक चीर पडते, म्हणून भिंग घेऊन बघा. दुसरं म्हणजे सुपरकोर्साला सीट पोस्ट सहसा २६.२ मिलिमीटरची लागते आणि कोल्नागो सुपरला २७.२ ची. चिनेलीत कुणी २७.२ घुसवली असेल तर आतून धातू खरवडून काढलाय, आणि २६ च्या आतली एखादी बारीक पोस्ट घालून बोल्ट करकचून आवळला असेल तर लगचे कान आत वळलेले दिसतील. तिसरी गोष्ट दोघींनाही लागू: सीट पोस्ट आणि स्टेम हलतात का ते तुमच्यासमोर हलवून दाखवायला सांगा. ॲल्युमिनियम स्टीलच्या आत बरीच वर्षं बसून राहिलं की जाम होतं, मग ते काढताना भलेभले मेकॅनिक हात टेकतात. विकणारा टाळाटाळ करायला लागला तर पोस्ट जाम आहे असंच धरून भाव करा.

फ्रेम पास झाली की ओळख पटवायची, म्हणजे सांगतात ते साल आणि ते मॉडेल खरं आहे का. चिनेलीत हे त्यातल्या त्यात सोपं आहे, फ्रेमवर नंबर ठोकलेला असतो. शिवाय उतरता, खांदे पाडलेला फोर्क क्राऊन, म्हणजे चिमट्याचा माथा, असतो, तो तर लांबूनही ओळखू येतो. चिनोने १९७८ मध्ये कंपनी कोलंबसवाल्या कोलंबो घराण्याकडे दिली आणि पंख असलेला रंगीत लोगो त्यानंतरचा, त्याच्या आधीच्या सायकलींना कुलचिन्हासारखा जुना बॅज असतो. संग्राहक सहसा चिनोच्या स्वतःच्या कारभारातल्या फ्रेमला जास्त भाव देतात, नंतरच्या काही वाईट नाहीत, पण जुन्याचा भाव देऊन नंतरची घेऊ नका.

कोल्नागोचं मात्र डोकं खाणारं काम आहे, कारण त्या काळातल्या बहुतेक कोल्नागोंवर सीरियल नंबरच नसतो, फार तर माप ठोकलेलं असतं. मग बारीकसारीक खुणांवरून काळ काढायचा. पत्त्यातल्या किलवरचं चिन्ह हे १९७० नंतरचं, त्या वर्षी मिकेले दांचेल्लीने कोल्नागोवर मिलान–सान रेमो जिंकली त्यानंतर ते आलं, त्यामुळे लगमध्ये किलवर कोरलेली सायकल कुणी '१९६८ ची' म्हणून दाखवत असेल तर तिथेच थांबा. ब्रेकची केबल टॉप ट्यूबला क्रोमच्या क्लिपांनी धरलेली आहे की कड्या ब्रेझ केलेल्या (वितळवलेल्या धातूने फ्रेमला कायमच्या जोडलेल्या) आहेत? गिअरचे लिव्हर पट्ट्याने आवळलेत की फ्रेमलाच जोडलेल्या बुंध्यावर बसलेत? केबल बॉटम ब्रॅकेटच्या वरून जाते की खालून? क्लिपा, पट्टे आणि वरून जाणारी केबल असेल तर सायकल दशकाच्या आधीच्या भागातली, आणि सगळं ब्रेझ केलेलं असेल तर दशकाच्या शेवटाकडची किंवा १९८० नंतरची, असा ढोबळ अंदाज धरा. एकाच खुणेवर भरवसा ठेवू नका, तीन-चार खुणा एकच काळ सांगत असतील तरच माना. ट्यूब खरंच कोलंबसच्या एसएल जातीची आहे का हे बघायचं असेल तर फोर्क उतरवून स्टीअररमध्ये (फोर्कच्या वरच्या नळीत) खालून डोकवा, आत पिळदार उंचवटे दिसतात, स्टिकर काय कुणीही चिकटवेल.

रंगाबद्दल माझं मत पक्कं आहे. मूळ रंग, चरे पडलेला, कुठे पोपडा गेलेला, हा चकचकीत नव्या रंगापेक्षा नेहमी वरचढ. नवीन रंग कधीही मारता येतो, पन्नास वर्षांपूर्वीचा पुन्हा येत नाही, आणि नव्या जाड रंगाखाली डेंट, चिरा, वेल्डिंगची डागडुजी सगळं लपतं. कोल्नागोच्या बाबतीत नारंगी रंगापासून विशेष सावध राहा. मर्क्सची मोल्तेनी टीम नारंगी घालायची म्हणून नंतर कित्येक फ्रेम नारंगी रंगवल्या गेल्या. सीट पोस्ट काढून ट्यूबच्या आत, केबलच्या क्लिपांखाली, हेडसेटच्या (हेड ट्यूबमधल्या बेअरिंगच्या) कपाखाली बघा, जुना रंग तिथे हमखास शिल्लक राहिलेला असतो.

मग पार्ट्स, आणि इथे कंपान्योलो आपल्या मदतीला येतं. त्यांच्या नुओवो रेकॉर्ड मालिकेच्या मागच्या डिरेलरवर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागावर) पेटंट शब्दापुढे दोन आकडे कोरलेले असतात, ७४ असेल तर तो १९७४ च्या सुमाराचा. फ्रेमचा अंदाज आणि हा आकडा एक-दोन वर्षांच्या आत जुळला तर छान, १९७१ ची फ्रेम आणि ८१ चा डिरेलर असेल तर पार्ट बदललाय. त्यांचीच महागडी मालिका सुपर रेकॉर्ड दशकाच्या मध्याकडे आली, त्यामुळे १९७० च्या सायकलीवर ते असेल तर ते नंतर लावलेलं. महाग पार्ट आहे म्हणून हुरळून जायचं कारण नाही, त्या सायकलीचा तो नव्हे. क्रँक मात्र जिवाच्या काळजीने तपासा: आर्म जिथे चेनरिंगच्या पंजाला मिळतो त्या बेचक्यात रेकॉर्डच्या क्रँकना चिरा जातात, मळ पुसून, टॉर्च मारून, भिंगाने बघा. चीर असेल तर तो क्रँक चालवायचा नाही, शोकेसमध्येच ठेवायचा. आणि सुटे पार्ट नंतर एकेक करून जमवू असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी ब्रेक लिव्हरचे मूळ रबरी हूड, बरोबर सालाचे हब, बरोबर लोगोचा स्टेम यांचे भाव काढून बघावेत. अर्धवट सायकल स्वस्त मिळते ती उगाच नाही.

आता समजा सगळं बघून झालं. एक मूळ अवस्थेत आणि दुसरी रंगवलेली असेल तर प्रश्नच नाही, मूळ घ्या. दोन्ही मूळ आणि दोन्ही सरळ निघाल्या तर मी सुपरकोर्सा घेईन. तो सीट लग, तो उतरता क्राऊन, जोडांवरचं स्वच्छ फायलिंग, या बाबतीत सुपरकोर्सा जास्त एकसारखी सापडते, तर कोल्नागोत एखादी अप्रतिम आणि एखादी घाईत उरकलेली असा प्रकार असतो. नंबर असल्यामुळे ती पुढे कुणाला दाखवताना काळही जास्त खात्रीने सांगता येतो. पण तुमचा जीव मर्क्सच्या काळावर असेल, त्या शर्यतींसाठी तुम्ही सायकली जमवत असाल, तर कोल्नागो घ्या आणि मागे वळून बघू नका. जमलं तर पैसे देण्याआधी कोमो सरोवराजवळ मादोन्ना देल गिसाल्लोच्या चॅपेलमध्ये आणि शेजारच्या म्युझियममध्ये एक चक्कर मारा, मोठमोठ्या रेसर्सच्या खऱ्या सायकली तिथे आहेत, त्या नुसत्या पाहिल्या तरी मूळ काम कसं दिसतं याला नजर बसते.

घरी आणल्यावर लगेच चालवायला काढू नका. ब्रेकच्या केबल आणि पॅड बदला, काढलेले जुने पॅड डबीत जपून ठेवा. हब, हेडसेट, बॉटम ब्रॅकेट उघडून जुनं वाळलेलं ग्रीस काढा आणि नवं भरा. दोन्हींचं बॉटम ब्रॅकेट इटालियन आट्यांचं, म्हणजे ३६ मिलिमीटरचं, आणि त्यात दोन्ही बाजू घड्याळाच्या दिशेनेच आवळायच्या असतात, आपल्याकडचे बरेच मेकॅनिक इंग्लिश समजून उजवी बाजू उलटी फिरवतात आणि आटे खराब करतात, तेव्हा समोर उभं राहून करून घ्या. चाकं ट्युब्युलरची असतील तर टायर गोंदाने रिमला चिकटवलेले असतात, अंगठ्याने ढकलून सरकला तर गोंद मेलाय, पूर्ण काढून नव्याने चिकटवल्याशिवाय उतारावर जाऊ नका. मुंबईत किंवा कोकणात ठेवणार असाल तर पावसाळ्याआधी सीट पोस्ट काढून फ्रेमच्या आत गंजरोधक तेलाचा फवारा मारा, बॉटम ब्रॅकेटच्या शेलमध्येही मारा, आणि पोस्ट परत घालताना तिला ग्रीस लावा.