इपॉक्सीला फुगे येऊ नयेत म्हणून, आणि आलेच तर

सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एप्रिलमध्ये सकाळी दहाला इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून केलेला, सुकून कडक होणारा फरशीचा लेप) ओतायला घेतली, की दुपारचे जेवण उरकेपर्यंत फरशीवर मोहरीएवढे फुगे उठलेले दिसतात आणि सगळे खापर मालावर फोडले जाते. बहुतेक वेळा दोष मालाचा नसून वेळेचा असतो. काँक्रीटच्या बारीक छिद्रांत हवा असते. कोबा तापू लागला की ती प्रसरण पावून वर येते आणि तोपर्यंत दाट झालेल्या थरात अडकते. म्हणून उन्हाळ्यात प्रायमर आणि पहिला हात उन्हे उतरल्यावर, कोबा निवू लागल्यानंतरच मारावा, कारण निवणारा कोबा हवा बाहेर टाकण्याऐवजी रेझिन आत ओढतो. कोबा फार पितो असे दिसले तर प्रायमरचा दुसरा हात टाळू नये. फुगे टाळण्याचे निम्मे काम येथेच होते.

नव्या कोब्याला किमान २८ दिवस द्यावेत. ओल तपासण्यासाठी दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही कडांनी टेपने चिकटवून किमान १६ तास ठेवावा. खाली दव दिसले किंवा कोबा काळसर पडला, तर काम थांबवावे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या, कोब्याखाली प्लास्टिक न अंथरलेल्या जुन्या गोदामांत ही तपासणी दोन-तीन ठिकाणी करावी. पावसाळ्यात फरशीचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे दव होते त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त असले पाहिजे.

रेझिन आणि हार्डनर उत्पादकाने दिलेल्या प्रमाणातच, मिनिटाला ३०० ते ४०० फेऱ्यांच्या संथ ड्रिलने मिसळावेत आणि पाते मालात बुडालेलेच ठेवावे. ते वर आले की ताक घुसळल्यासारखा फेस होतो. माल सरसरीत व्हावा म्हणून थिनर ओतण्याची सवय आपल्याकडे फार आहे, पण जाड थरात तो अडकून स्वतःच फुगे करतो. मिसळलेला माल लगेच जमिनीवर ओतावा आणि पसरताच काटेरी रोलर फिरवावा. माल दाट झाल्यावर फिरवलेला रोलर मात्र खुणा ठेवून जातो.

फुगे राहिलेच, तर पूर्ण सुकल्यावर एक फुगा पट्टीच्या टोकाने फोडून पाहावा. तळाशी टाचणीएवढे भोक आणि कोरडे, राखाडी काँक्रीट दिसले, तर ती कोब्यातली हवा. अशा वेळी सगळे फुगे फोडून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पृष्ठभाग निस्तेज होईपर्यंत घासावा (तोंडाला धुळीचा मास्क हवाच), व्हॅक्यूमने धूळ काढावी आणि सिलिका पावडर घालून घट्ट केलेली इपॉक्सी लोखंडी पट्टीने दाबून भोकांत भरावी. नुसता रंग वरून फिरवल्यास भोक झाकले जात नाही. त्याच जागी पुन्हा खळगा पडतो. भरलेला भाग सुकल्यावर घासून शेवटचा हात एका जॉइंटपासून दुसऱ्या जॉइंटपर्यंत मारावा, कारण मधलेच ठिगळ ट्यूबलाइटच्या उजेडात लपत नाही.

फुग्यातून पाणी निघाले, तर मात्र भरणी करण्यात अर्थ नाही. तेवढा भाग ग्राइंडरने काँक्रीटपर्यंत उघडा करून ओल रोखणारा इपॉक्सी प्रायमर मारावा आणि पाणी कोठून चढते ते आधी शोधावे. फुग्याखालचा माल बोटाला चिकटत असेल, तर मिश्रण चुकलेले आहे. तो सगळा खरवडूनच काढावा लागतो.